गाय-बैलाला गुंगी आणि वेदनाशामक: आदल्या रात्रीपासून दुधाच्या कॅनपर्यंत

बैलाच्या शिंगाचा कर्करोग काढायचा असो, खुरातला गळू फोडायचा असो की गायीच्या पोटातलं प्लॅस्टिक, गुंगी द्यायची वेळ आली की गोठ्यात सगळ्यांची नजर सुईवर असते. किती एमएल भरलं, मानेत टोचलं की शिरेत, किती मिनिटांत जनावर बसलं. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक भानगडी मात्र सुईच्या आधीच्या रात्री किंवा नंतरच्या दोन तासांत झालेल्या आहेत, आणि हे दोन्ही वेळ मालकाच्या हातात असतात, डॉक्टरांच्या नाही.

म्हणून हा लेख मालकासाठी आहे. गुंगीचं इंजेक्शन देणं हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम. झायलाझिन या गुंगीच्या औषधाचा डोस इथे मुद्दाम दिलेला नाही, आणि कुणी सांगितला तरी आपल्या हाताने टोचू नका. गाय-बैल या औषधाला फार हळवे असतात. घोड्याला जेवढं लागतं त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात गायीचं काम होतं. बाजारात २० मिलिग्रॅम प्रतिमिली आणि १०० मिलिग्रॅम प्रतिमिली अशा दोन ताकदींची बाटली असू शकते, दोन्हींत पाण्यासारखंच औषध दिसतं. चूक झाली तर ती पाचपट असते.

## आधी एवढं डोक्यात पक्कं करा

गुंगी, बधिरता आणि वेदनाशमन ही तीन वेगळी कामं आहेत. झायलाझिन जनावराला सुस्त करतं, स्नायू सैल करतं, थोडा वेळ वेदनाही कमी करतं. पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर शिंग कापणं म्हणजे जनावर ओरडू शकत नाही एवढाच फायदा. कापायची जागा बधिर करायला लिग्नोकेन लागतं. आणि लिग्नोकेनचा असर तास-दीड तासात ओसरला की पुढचे दिवस सांभाळायला मेलॉक्सिकॅमसारखं वेदनाशामक लागतं.

"गुंगी दिलीय ना, मग अजून इंजेक्शनं कशाला?" हा प्रश्न बिलाकडे बघून विचारला जातो. तिन्ही लागतात.

## टप्पा १: डॉक्टरांना फोन करताना काय सांगायचं

"जनावर बारीक आहे, या" एवढ्यावर थांबू नका. खालच्या गोष्टी न विचारता सांगा:

- गाभण आहे का, कितवा महिना. झायलाझिनने गर्भाशय आकुंचन पावतं. शेवटच्या तीन महिन्यांत गाभडण्याचा धोका असतो.
- लघवी नीट होते का. बोकड, खोंड किंवा बैल कुंथतोय आणि थेंबथेंब पडतंय, म्हणजे खडा अडकलेला असू शकतो. झायलाझिनने लघवी भरपूर तयार होते. वाट बंद असताना मूत्राशय फुटण्यापर्यंत वेळ जाऊ शकते.
- खोकला, धाप, आदल्या पोटफुगीचा इतिहास.
- गेल्या चार-पाच दिवसांत दिलेलं प्रत्येक औषध. मेडिकलमधून आणलेलं, शेजाऱ्याने दिलेलं, दुसऱ्या कुणी टोचलेलंसुद्धा.

शेवटचा मुद्दा लोक लाजेने लपवतात. आधीच कुणी डेक्सामेथासोन (हे स्टेरॉइड आहे) टोचलं असेल आणि वरून वेदनाशामक दिलं, तर पोटात व्रण होऊन रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. डेक्सामेथासोनने शेवटच्या तिमाहीतली गाय गाभडूही शकते. डॉक्टर रागावतील, रागावू देत. रिकामी बाटली कचऱ्यातून शोधून काढा आणि दाखवा.

फोन कुठे करायचा हे माहीत नसेल तर १९६२ हा पशुवैद्यकीय फिरत्या पथकाचा टोल-फ्री क्रमांक आहे.

## टप्पा २: वजन मोजा, अंदाज करू नका

सगळ्या मात्रा वजनावर ठरतात, आणि नजरेचा अंदाज सहज पन्नास-साठ किलोंनी चुकतो. शिंप्याची टेप पुरते.

१. जनावर सपाट जागेवर, चारी पाय सरळ, असं उभं करा.
२. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात घ्या. टेप घट्ट असावी, पण रुतू नये.
३. खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीशेजारच्या बसण्याच्या हाडापर्यंत लांबी घ्या. ही तिरपी रेघ असते, पाठीवरून मोजायची नाही.
४. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. उत्तर किलोत येतं.

घेर ६४ इंच आणि लांबी ५४ इंच असेल तर ६४ × ६४ × ५४ ÷ ६६०, म्हणजे सुमारे ३३५ किलो. आकडा कागदावर लिहून ठेवा.

तपासा: मोजमाप दोनदा घ्या. सात-आठ महिन्यांच्या गाभण गायीत किंवा खंगलेल्या बैलात हे सूत्र फसतं, तेव्हा डॉक्टरांना तसं सांगा.

## टप्पा ३: उपाशी ठेवणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

गायीचं पहिलं पोट भरलेलं असताना तिला आडवं केलं की दोन गोष्टी होतात. आतला वायू बाहेर पडायचा थांबतो, कारण झायलाझिनने पोटाची हालचाल आणि ढेकर दोन्ही मंदावतात. डावी कूस फुगते, फुप्फुसांवर दाब येतो. आणि पोटातलं पाणी-चारा उलटून घशात येतो. गुंगीत गिळण्याची क्रिया धड चालत नसल्याने तो श्वासनलिकेत जातो. त्यातून होणारा न्यूमोनिया दोन-तीन दिवसांनी दिसतो, तेव्हा शस्त्रक्रिया "छान झाली" असं सगळे म्हणत असतात.

ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी साधारण हिशेब असा:

- मोठी गाय, म्हैस, बैल: चारा-पेंड किमान २४ तास बंद, पाणी १२ तास बंद.
- शेळी-मेंढी: चारा १२ ते २४ तास, पाणी ८ ते १२ तास.
- फक्त दुधावरचं वासरू: त्याला दिवसभर उपाशी ठेवायचं नाही. दोन-चार तास दूध लांबवलं की पुरे. लहान वासराची साखर पटकन उतरते.

डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका. उभ्या उभ्या करायच्या छोट्या कामाला कमी उपास चालतो. अडलेली गाय किंवा फुटलेली जखम अशा तातडीच्या वेळी उपासाला वेळच नसतो. तेव्हा "सकाळी सहाला पोटभर खाल्लंय" हे खरं सांगणं हाच उपास.

आता खरी गोची. संध्याकाळी गव्हाण रिकामी केली म्हणजे जनावर उपाशी राहिलं असं नाही. भुकेलं जनावर खाली अंथरलेला पाचट खातं. शेजारच्या गव्हाणीत मान घालतं. घरातलं म्हातारं माणूस रात्री उठून "मुकं जनावर" म्हणून घमेलंभर सरकी पुढे ठेवतं, आणि सकाळी कुणी कबूल करत नाही. म्हणून:

१. जनावर इतरांपासून वेगळं, दुसऱ्या खुंट्याला बांधा.
२. अंथरूण, पाचट, वैरणीचे शेंडे झाडून काढा.
३. तोंडाला मुसकं घाला. ते डॉक्टर येईपर्यंत काढू नका.
४. घरातल्या प्रत्येकाला सांगा, मुलांना आणि आजीला आधी.

इशारा: उपाशी जनावराला सकाळी "ताकद यावी" म्हणून गुळाचं पाणी, काढा, तेल बाटलीने पाजू नका. गुंगीच्या आधी नाही आणि गुंगी उतरेपर्यंत तर अजिबात नाही.

## टप्पा ४: जागा आणि माणसं

वेळ सकाळची मागा. झायलाझिन दिलेल्या जनावराचं शरीर तापमान सांभाळू शकत नाही, उन्हात ते तापतं आणि थंडीत गार पडतं. मे महिन्यात दुपारी बारा वाजता पत्र्याच्या शेडखाली बैल पाडणं टाळता येतं.

जागा सपाट, मऊ आणि मोकळी हवी. माती भुसभुशीत करून त्यावर रिकामी पोती अंथरा. दगड, नांगराचे फाळ, खुंटे उचला. विहीर, शेततळं, पाण्याचा हौद जवळ नको. अर्धवट शुद्धीतलं जनावर अडखळत उठतं तेव्हा ते कुठे जाईल सांगता येत नाही. हातभर पाण्यात तोंड बुडलं तरी ते डोकं वर काढू शकत नाही.

आणा: दोन जाड कासरे, चार-पाच पोती (त्यातली दोन पेंढ्याने भरलेली), स्वच्छ फडकी, दोन बादल्या पाणी, साबण. माणसं चार पुरेत. गावातली पोरं बघायला जमू नयेत, हे मी फार गंभीरपणे सांगतोय. कारण पुढच्या टप्प्यात आहे.

तपासा: सुईआधी ताप, श्वास आणि रवंथ बघून लिहा. निरोगी गायीचा ताप साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असतो. हे आकडे नंतर तुलनेला लागतात.

विचारा: "उतारा सोबत आणलाय का?" झायलाझिनचा असर उलटवायला योहिंबिन, टोलाझोलिन किंवा अॅटिपामेझोल वापरतात. प्रत्येक डॉक्टरच्या पेटीत ते असेलच असं नाही. नसेल तर आधी कळलेलं बरं.

## टप्पा ५: सुई टोचल्यावर गप्प बसायचं

मांसात दिलेल्या इंजेक्शनला दहा ते वीस मिनिटं लागतात. या वेळात काहीही करायचं नाही. दावं सैल, जनावर शांत, डोळ्यांवर फडकं. कुत्री बाहेर. मोबाइल बंद.

घाबरलेल्या, ओढाताण झालेल्या जनावराच्या अंगात जे रसायन उसळतं ते गुंगीच्या विरुद्ध काम करतं. आधी पाच जणांनी धरून झोंबाझोंबी केली, मग टोचलं, तर पूर्ण मात्रा देऊनही जनावर उभंच राहतं. मग आग्रह सुरू होतो: "डॉक्टर, अजून थोडं द्या." दुसरी मात्रा जाते, दहा मिनिटांनी दोन्हींचा असर एकदम चढतो आणि जनावर गच्च पडतं. हा आग्रह करू नका. गडबड झालीच असेल तर थांबू द्या, लागलं तर दुसऱ्या दिवशी करू द्या.

मान खाली जाणं, लाळ गळणं, खालचा ओठ लोंबणं, पापण्या जड होणं ही असर चढल्याची लक्षणं. लाळ खूप गळते, बादलीभर वाटेल. घाबरायचं कारण नाही, पण ती बाहेर पडायला हवी.

मग बधिरता. शिंगासाठी डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगाचं बूड यांच्या मधोमध, कपाळाच्या हाडाच्या कडेखाली लिग्नोकेन देतात. त्या बाजूची वरची पापणी लोंबू लागली की औषध जागेवर पोचलं. पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. मग डॉक्टर शिंगाच्या बुडाशी सुई टोचून बघतील. कान हलला, डोकं झटकलं, तर अजून थांबायचं. करवत बाहेर काढायची घाई मालकाने करू नये.

शेळीवाल्यांसाठी इशारा: करडाला लिग्नोकेन सहज जास्त होतं. किलोला ५ मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये असा दंडक आहे. २ टक्के औषधात एका मिलीत २० मिलिग्रॅम असतं, म्हणजे पाच किलोच्या करडाला दोन्ही शिंगांचं मिळून जेमतेम सव्वा मिली. गायीच्या हिशेबाने पाच मिली भरलं की करडू झटके देऊन जातं. मेंढीत झायलाझिनने फुप्फुसात पाणी होण्याचा धोका वेगळाच.

## टप्पा ६: जनावर खाली असताना

शक्य तिथे जनावर पोटावर, पाय दुमडून बसलेलं ठेवा. कुशीवर पाडावं लागलं तर डावी कूस वर ठेवणं सोयीचं, कारण फुगवटा दिसतो आणि गरज पडली तर सुईने वायू काढता येतो. कुठल्या कुशीवर पाडायचं ते शस्त्रक्रियेची जागा बघून डॉक्टर ठरवतात.

खाली पडल्याबरोबर, या क्रमाने:

१. मानेखाली पेंढ्याचं पोतं सरकवा. घसा उंच आणि तोंड उताराला, म्हणजे लाळ बाहेर गळेल. डोकं थेट जमिनीवर किंवा तोंड वर, दोन्ही चूक.
२. मोहरकीची कडी, साखळी, गाठ गालाखाली आली असेल तर काढा. तासभर दाब पडला की चेहऱ्याची नस दबते आणि ओठ वाकडा होतो.
३. खालच्या बाजूचा पुढचा पाय पुढे ओढून घ्या, खांद्याखाली दुसरं पोतं घाला. नाहीतर पायाची नस दबून जनावर उठल्यावर लंगडतं, आणि दोष इंजेक्शनला जातो.
४. खालचा डोळा मिटून फडकं ठेवा. मातीने बुबुळ खरचटतं.

एका माणसाला फक्त बघण्याचं काम द्या. दर पाच मिनिटांनी छाती हलते का, डावी कूस ताणली का, लाळेत हिरवा चारा दिसतो का, आणि हिरड्या गुलाबी आहेत का. म्हशीच्या किंवा काळ्या गायीच्या हिरड्या काळ्याच असतात, तिथे खालची पापणी उलटून आतला रंग बघा.

लगेच सांगा: रंग निळसर-करडा, कूस ढोलासारखी टणक, नाकातोंडातून चारा, श्वासात घरघर. "डॉक्टर कामात आहेत, नंतर सांगू" असं नको.

## टप्पा ७: उठेपर्यंत सोडू नका

टाके पडले, चहा झाला, सगळे पांगले. नेमक्या याच वेळात जनावर एकटं कुशीवर पडून फुगतं.

काम संपताच त्याला पोटावर बसवा आणि दोन्ही बाजूंनी पोती लावून टेका. सावली द्या. थंडी-पावसात अंगावर गोणपाट टाका. लघवी वरचेवर आणि भरपूर होईल, ती औषधामुळे, काळजी नको. ओरडून, शेपूट पिळून, पाणी मारून उठवू नका. बहुतेक जनावरं तास-दोन तासांत आपणहून उठतात, पण झोकांड्या बराच वेळ जातात.

उतारा दिला तर जनावर काही मिनिटांत उभं राहतं, आणि गुंगीबरोबर तिने दिलेला वेदनेचा आरामही जातो. म्हणून वेदनाशामक आधीच अंगात असायला हवं. डॉक्टरांना आठवण करायला हरकत नाही.

पाणी केव्हा? जनावर स्थिर उभं, मान उचललेली, स्वतः गिळतंय, तेव्हा थोडं थोडं. मग मूठभर वाळला चारा. पेंड-भरडा दुसऱ्या दिवशी, रवंथ सुरू झाल्यावर.

फोन करा: चार तासांनी उठलं नाही, कूस फुगत चालली, दुसऱ्या दिवशी रवंथ नाही, किंवा दोन-तीन दिवसांत ताप आणि खोकला सुरू झाला.

## टप्पा ८: वेदनाशामक

गाय वेदना लपवते. दात खाणं, पाठ कमानीसारखी करणं, कान मागे पडणं, गव्हाणीपाशी उभं राहून न खाणं, कण्हणं, हे बघा. ओरडण्याची वाट बघू नका.

मेलॉक्सिकॅमची गायीसाठीची नेहमीची मात्रा किलोला ०.५ मिलिग्रॅम. हा आकडा स्वतः टोचण्यासाठी देत नाही, चिठ्ठी आणि बाटली ताडून बघण्यासाठी देतोय. ३०० किलोच्या गायीला १५० मिलिग्रॅम लागतं. बाटलीवर ५ मिलिग्रॅम प्रतिमिली असेल तर ते ३० मिली होतं, २० मिलिग्रॅम प्रतिमिली असेल तर साडेसात मिली. "मागच्या वेळी दहा एमएल दिलं होतं, तेवढंच द्या" या वाक्याला म्हणूनच काही अर्थ नाही. मेलॉक्सिकॅमबरोबर पॅरासिटामॉल असलेली मिश्र बाटलीही मिळते. तिच्यावर आणखी पॅरासिटामॉल देऊ नका.

चुका ज्या सारख्या दिसतात:

- दोन वेदनाशामकं एकत्र, किंवा वेदनाशामक आणि स्टेरॉइड एकत्र.
- हगवणीने सुकलेल्या, पाणी न पिणाऱ्या जनावराला वेदनाशामक. मूत्रपिंड जातं. आधी सलाइन.
- बरं वाटतंय म्हणून लंगड्या बैलाला दुसऱ्या दिवशी जुंपणं. दुखणं दबलंय, बरं झालेलं नाही.
- काळं, डांबरासारखं शेण दिसूनही औषध चालू ठेवणं. ते पोटातलं रक्त आहे. थांबवा, फोन करा.

आणि कोणती औषधं नकोतच. जनावरांसाठी डायक्लोफेनॅक २००६ पासून बंद आहे, असेक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन २०२३ पासून, निमेसुलाइड डिसेंबर २०२४ पासून. ही औषधं अंगात असताना मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. रायगड, नाशिक, गडचिरोली भागांत अजून गिधाडं आहेत, तिथे हा प्रश्न पुस्तकी नाही. माणसाचं डायक्लोफेनॅक जनावराला टोचलं जाऊ नये म्हणून २०१५ मध्ये त्याची मोठी कुपी बंद करून ३ मिलीची केली. तरी पाच-सहा कुप्या फोडून बैलाला देणारे आहेत. मेलॉक्सिकॅम आणि टॉल्फेनॅमिक अॅसिड ही गिधाडांना सुरक्षित ठरलेली औषधं आहेत, मागायची तर तीच मागा. बार्बिट्युरेट गटाचं झोपेचं औषध देऊन दयामरण दिलेलं जनावर मात्र कधीही उघड्यावर टाकू नका. ते खाणारं कुत्रंही मरतं. खोल पुरा.

घरातल्या कुत्र्या-मांजरांवर यातलं काहीही वापरू नका. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही मारू शकते.

## टप्पा ९: सुया, दूध आणि वही

वापरलेली सुई टोपण लावायच्या नादात बोटात घुसते. जाड डब्यात टाका, डबा डॉक्टरांना परत द्या. झायलाझिन माणसाला टोचलं गेलं किंवा डोळ्यात उडालं तर भरपूर पाण्याने धुवा, गाडी स्वतः न चालवता दवाखान्यात जा आणि बाटली बरोबर न्या.

दुधाचा नियम साधा आहे. बाटलीवर लिहिलेले दिवस पाळा. त्या औषधासाठी ठरलेला अवधी नसेल तर भारतातल्या औषध नियमांप्रमाणे दूध किमान ७ दिवस आणि मांस किमान २८ दिवस वापरायचं नसतं. मोजणी शेवटच्या इंजेक्शनपासून होते, पहिल्यापासून नाही. एका गायीचं असं दूध डेअरीच्या कॅनमध्ये मिसळलं की सगळा कॅन तसाच. त्या गायीची धार शेवटी काढा, वेगळ्या भांड्यात, आणि गोठ्यात तिच्या डोक्यावर खडूने तारीख लिहा, म्हणजे सकाळी धार काढायला दुसरं कुणी आलं तरी कळेल.

वहीत लिहा: तारीख, जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक, मोजलेलं वजन, औषधाचं नाव आणि बाटलीवरची ताकद, किती मिली, किती वाजता टोचलं, किती वाजता उठलं, दूध कोणत्या तारखेपासून सुरू करायचं. पुढच्या वेळी दुसरे डॉक्टर आले तर ही वही त्यांच्या हातात द्या. याच गायीला मागच्या वेळी गुंगी फार चढली होती, हे त्यांना सुई भरायच्या आधी कळायला हवं.